घरभरणीची अक्षत
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

शहरात जिला वास्तुशांत म्हणतात, तिला आमच्या पनवेल-उरणकडच्या आगरी घरांत घरभरणी म्हणतात. मला हा शब्द जास्त आवडतो. शांत करायची ती वास्तू, पण भरायचं ते घर. धान्यानं, पाण्यानं आणि माणसांनी.

आमचं गाव गव्हाण. एका बाजूला खाडी, एका बाजूला डोंगर आणि मध्ये भाताची खाचरं, असं ते माझ्या लहानपणी होतं. 1970 साली सिडको स्थापन झाली आणि नव्या मुंबईसाठी ज्या 95 गावांच्या जमिनी घ्यायचं ठरलं, त्यांत आम्हीही आलो. पुढे 1984च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जासई परिसरात आंदोलन झालं, गोळीबारात पाच जण गेले, आणि त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. आमच्या घराण्याच्या वाट्याचा भूखंड उलव्यात निघाला. तो विकसकाला दिला, इमारत उभी राहिली आणि चौथ्या मजल्यावरचं घर माझ्या नावावर झालं.

हे सांगितलं तितकं सरळ झालं नाही. वाटणीच्या कागदांवरून माझं आणि थोरल्या भावाचं फाटलं. मी शिकलो, नोकरीला लागलो. जमीन जाईपर्यंत चिखलात राबला तो. मोबदला मात्र सारखा वाटला गेला. त्याचं म्हणणं चूक होतं असं मी आज म्हणणार नाही. तेव्हा म्हटलं होतं, आणि चारचौघांत म्हटलं होतं. सहा वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

घरभरणी गेल्या मार्गशीर्षात करायची ठरली. वैशाखात आमच्याकडे रोज कुणाची तरी हळद असते, आचारी मिळत नाही आणि मंडपवालाही मिळत नाही. गुरुवार टाळला. ज्यांना दुसऱ्या दिवशी मटणाचं जेवण हवं असतं, त्यांचा तो खाडा असतो. मी वही काढून यादी करायला बसलो. तीनशे माणसं. गावात अंगणात मांडव घातला की पाचशेही मावतात. दोन खोल्यांच्या घरात तीस माणसं म्हणजे चेंगराचेंगरी. म्हणून पूजा वर आणि पंगती इमारतीशेजारच्या मोकळ्या जागेत, असं ठरलं. सोसायटीची लेखी परवानगी आधीच घेतली. मोठ्या शेगड्या इमारतीपासून लांब ठेवल्या. होमाचं कुंड लहान घेतलं, खाली विटा आणि वाळू घातली. वास्तुपुरुषाची प्रतिमा आग्नेय कोपऱ्यात पुरतात. पण चौथ्या मजल्यावर खड्डा खणला तर तिसऱ्या मजल्याच्या छतातून वास्तुपुरुष खाली उतरायचे! भटजी हसले. लादी बसवण्याआधीच सांगितलं असतं तर तिथे खळगा ठेवता आला असता, म्हणाले. ज्यांचं घर अजून अर्धवट आहे, त्यांनी हे ध्यानात ठेवावं.

भजनाचं दुखणं वेगळंच. गावात भजन रात्रभर चालतं. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद. मंडळातले म्हातारे रागावले, मग म्हणाले, "पखवाजाला कुठं लाईट लागते?" दहानंतर दारं-खिडक्या लावून ते आत बसले आणि हळू आवाजात गायले. खरं सांगतो, इतकं गोड भजन मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

तर यादी. आईनं ती वाचून घेतली. ग्रामदेवता, मामा, आत्या, बहिणी, शेजारी, कार्यालयातले लोक. सगळं ऐकून झाल्यावर ती एवढंच बोलली, "पयला नारल दादूसच्या दारान ने, मंग भटाला इचार."

मी दोन दिवस टाळलं. तिसऱ्या दिवशी अक्षत आणि नारळ घेऊन गेलो. दादा घरी नव्हता, किंवा असेलही. वहिनीनं पाट दिला, पाणी दिलं, अक्षत पदरात घेतली. येतो म्हणाली नाही, येत नाही असंही म्हणाली नाही.

घरभरणीच्या आदल्या दिवशी मी आचाऱ्याशी हिशेब करत होतो. माणशी शंभर ग्रॅम तांदूळ, तीनशे माणसं, तीस किलो. मागून आवाज आला, "तीस किलोत काय व्हतंय? आपली मानसं भाताची." दादा टेम्पोतून गोणी उतरवत होता. आमची शेती गेल्यावर तो दुसऱ्याची जमीन खंडानं करतो, हे मला माहीत होतं. पण तो तांदूळ मी सहा वर्षांत खाल्ला नव्हता. मी गोणीला हात लावायला गेलो, तर म्हणाला, "तुझ्यानं उचलायची नाय." ते खरंच होतं.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. सीवूड्सची बहीण खारकोपर स्टेशनात उतरून आली. 2018 साली ही रेल्वे सुरू झाल्यापासून ती जरा जास्तच वेळा येते. शिवडीकडचे भाचे अटल सेतूवरून आले. वहिनीनं त्या गोणीतले मापटंभर तांदूळ वर आणले आणि देवाजवळ ठेवले. पहिला भात त्याचाच शिजला.

दादा दिवसभर खाली पंगतीत भात वाढत होता. कोण आलं, कोण जेवायचं राहिलं, हे माझ्यापेक्षा त्याला जास्त ठाऊक होतं. तांदूळ चव्वेचाळीस किलो लागले. आईनं तीनदा निरोप पाठवला, तरी तो वर काही आला नाही. पंगती संपल्यावर हात धुतले, टोपी झटकली आणि टेम्पोत बसला.

परवा त्याचा फोन आला. लिफ्ट कोणत्या बाजूला आहे, विचारत होता.