महामार्गावरील गस्त : खर्च आणि लाभ

महामार्गावरील साहाय्य गस्त म्हणजे बंद पडलेली वा अपघातग्रस्त वाहने शोधून ती मार्गिकेतून हलवण्यासाठी ठरावीक पट्ट्यात फिरणारे पथक. त्याचा खर्च अखेर पथकरातून किंवा सरकारी तिजोरीतून भागतो, म्हणून तो भरून निघतो का, हा प्रश्न रास्त आहे. खर्च मोजणे सोपे असते : तीन पाळ्यांतील माणसे, डिझेल, क्रेन, आणि काहीही न घडता गेलेले तास, जे हिशेबतपासनिसाच्या डोळ्यांत आधी खुपतात. लाभ मात्र मुख्यतः मागून येणाऱ्या, गस्तीची गाडी कधी पाहिलीही नसलेल्या प्रवाशांच्या पदरात पडतो.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर खंडाळ्याच्या चढात मालट्रकची क्लचप्लेट जळाली, की तीनपैकी एक मार्गिका अडते. समजा, ताशी ३००० वाहने येत आहेत, मोकळ्या मार्गावरून ४००० जाऊ शकतात आणि अडथळ्यामुळे २०००च जातात. तर अर्ध्या तासात ५०० वाहनांची रांग लागते, अडथळा निघाल्यावर ती ओसरायला आणखी अर्धा तास जातो आणि एकूण खोळंबा २५० वाहन-तास भरतो (एक वाहन तासभर अडकणे म्हणजे एक वाहन-तास). तोच अडथळा पाव तासात निघाला, तर खोळंबा निम्म्यावर नव्हे, चौथाईवर येतो. अर्थात गस्त नसती तरी उशिरा का होईना ट्रक हललाच असता, म्हणून गस्तीच्या खाती फक्त हा फरकच जमा धरावा. याचा विसर पडला, की लाभाचे आकडे फुगतात.

रात्री रहदारी विरळ असल्याने हा फरक नगण्य ठरतो आणि काटकसरीची कात्री प्रथम रात्रपाळीवर चालते. ते चूक आहे, कारण दिव्याविना उभ्या ट्रकवर मागून आदळण्याचा धोका तेव्हाच अधिक असतो आणि वाचलेला जीव वाहन-तासांत मोजता येत नाही.

वाहन बंद पडल्यास चालकांनी धोकादर्शक दिवे लावून कठड्यापलीकडे उभे राहावे, राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा क्रमांक फिरवावा आणि जवळच्या किलोमीटरच्या दगडावरील आकडा सांगावा, म्हणजे पथकाला शोधाशोध करावी लागत नाही. चाकामागे लावलेले दगड निघताना उचलण्यास विसरू नये. तसा मागे राहिलेला दगड बाजूला करायला गस्तीची गाडी थांबते, तेव्हा नोंदवहीतील ‘मदत केलेली वाहने’ हा रकाना कोराच राहतो.