‘कॉल ऑफ’ म्हणजे फोन येणार असं नव्हे

पेण आणि रोहा तालुक्यांतल्या सगळ्या गटांच्या ताई, वहिनी, काकी आणि आज्यांना आमचा नमस्कार. पापड लाटता लाटता किंवा तांदूळ निवडता निवडता ऐकत असाल, तर हात चालू राहू द्या, कान तेवढे इकडे द्या.

आज थोडं इंग्रजीबद्दल बोलायचं आहे. घाबरू नका, परीक्षा नाही. आधी आमच्याच एका गटाची गोष्ट सांगतो.

उन्हाळ्याचे दिवस होते. पोह्याच्या पापडांची २५ किलोची ऑर्डर मुंबईच्या एका दुकानाकडून आली होती. सोमवारी लाटायला बसायचं ठरलं होतं. शनिवारी संध्याकाळी फोनवर इंग्रजीत मेसेज आला. त्यात शब्द होते, ‘कॉल्ड ऑफ’. आमच्या खजिनदार ताई बारावी शिकलेल्या. त्यांनी वाचलं आणि म्हणाल्या, “कॉल म्हणजे फोन. ते फोन करणार आहेत.” आम्हीही तो मेसेज पाहिला. आम्ही बीए झालेल्या, तरी आम्हीही मान डोलावली. विचारायचं कुणाला, आणि विचारलं तर आपल्याला येत नाही हे कळेल, हा संकोच. फोनची वाट पाहत आम्ही २५ किलो पापड लाटून, वाळवून ठेवले. ‘कॉल ऑफ’ म्हणजे रद्द करणे. ऑर्डर रद्द झाली होती.

पापड वाया गेले नाहीत. आठवडी बाजारात आणि ओळखीपाळखीत कमी भावाने विकले, पण त्याला दोन महिने लागले. कर्जाचा हप्ता बचतीतून भरावा लागला. त्याहून वाईट म्हणजे खजिनदार ताई पुढच्या दोन बैठकांना आल्याच नाहीत. आम्ही घरी गेलो तेव्हा म्हणाल्या, “माझ्यामुळे सगळ्यांचं नुकसान झालं. आता दुसरीला नेमा.” तेव्हा आम्हाला सांगावं लागलं, की चूक तुमच्या एकटीची नाही. मेसेज आम्हीही वाचला होता आणि गप्प आम्हीही बसलो होतो.

आमच्या पिढीला इंग्रजी पाचवीपासून होतं. मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं ते २००० साली. आम्ही शब्दांचे अर्थ पाठ केले. कॉल म्हणजे बोलावणे, पुट म्हणजे ठेवणे, लुक म्हणजे पाहणे. पण इंग्रजीत क्रियापदाच्या मागे ऑन, ऑफ, अप, आउट, डाउन असा छोटा शब्द लागला, की कधी कधी अर्थच बदलतो. अशा जोडीला इंग्रजीत फ्रेझल व्हर्ब म्हणतात.

यात नवल काही नाही. आपली मराठीही असंच करते. ‘पोरानं लाडू खाऊन टाकला’ म्हणतो, तेव्हा कुणी लाडू टाकत नाही. ‘ती पैसे देऊन बसली’ म्हणतो, तेव्हा ती उभी असली तरी चालतं. आणि आपण बायका दुखणं ‘अंगावर काढतो’. आता परक्या माणसाने अंग आणि काढणे हे दोन शब्द कोशात पाहिले, तर त्याला काय कळणार? आपल्याला कळतं, कारण आपण ते अख्खं ऐकत वाढलो. इंग्रजीची जोडीसुद्धा अशी अख्खीच शिकायची, तुकडे करून नाही.

काही जोड्या सरळ असतात. सिट डाउन, खाली बसा. कम इन, आत या. काही आपल्या तोंडात बसलेल्याच आहेत. फोन ‘स्विच ऑफ’ आहे, हे शाळेत न गेलेली आजीही सांगते. पण काही जोड्या फसवतात.

‘पुट ऑन’ म्हणजे अंगावर घालणे. धाटावच्या कारखान्यात कामाला जाणाऱ्या मैत्रिणींना ‘पुट ऑन युवर हेल्मेट’ ही पाटी ओळखीची असेल. मग काढणे म्हणजे ‘पुट ऑफ’ का? नाही. काढणे म्हणजे ‘टेक ऑफ’. ‘पुट ऑफ’ म्हणजे पुढे ढकलणे. ‘द मीटिंग इज पुट ऑफ’ म्हणजे बैठक पुढे गेली. ‘कॉल्ड ऑफ’ असेल तर बैठकच रद्द.

‘लुक फॉर’ म्हणजे शोधणे, ‘लुक आफ्टर’ म्हणजे सांभाळणे. ‘शी लुक्स आफ्टर हर मदर’, ती आईला सांभाळते. ‘रन आउट’ क्रिकेटमध्ये वेगळं आणि स्वयंपाकघरात वेगळं. ‘वी हॅव रन आउट ऑफ ऑइल’ म्हणजे तेल संपलं. ‘टर्न डाउन’ म्हणजे नाकारणे. कर्जाचा अर्ज ‘टर्न्ड डाउन’ झाला, तर तो नामंजूर झाला. आणि एक गमतीची. आपल्याकडे मुलगी कॉलेजातून ‘पास आउट’ झाली म्हणतात, म्हणजे शिक्षण पूर्ण झालं. परदेशातल्या माणसाला मात्र मुलगी चक्कर येऊन पडली असं वाटू शकतं.

आता बँकेची जोडी, ही नीट ऐका. ‘पे ऑफ’ म्हणजे कर्ज पूर्ण फेडणे. ‘राइट ऑफ’ ऐकलं की पुष्कळांना वाटतं कर्ज माफ झालं. तसं नाही. बँक आपल्या हिशेबात ती रक्कम बुडीत म्हणून बाजूला काढते. कर्ज घेणाऱ्याचं देणं संपत नाही, वसुली पुढेही होऊ शकते. माफीला वेगळा शब्द आहे, ‘वेव्हर’. तेव्हा कुणी ‘राइट ऑफ झालं, आता हप्ता भरू नका’ असं सांगितलं, तर आधी शाखेत जाऊन विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

बोलताना एक छोटा नियम उपयोगी पडतो. ‘स्विच ऑफ द फॅन’ म्हणा किंवा ‘स्विच द फॅन ऑफ’ म्हणा, दोन्ही बरोबर. पण पंख्याचं नाव न घेता ‘इट’ म्हणायचं असेल, तर ते मधेच येतं. ‘स्विच इट ऑफ’. ‘स्विच ऑफ इट’ असं होत नाही. ‘लुक आफ्टर’सारख्या काही जोड्या मात्र फुटत नाहीत. ‘लुक आफ्टर हर’, एवढंच.

आमच्या गटाने आता दोन गोष्टी ठरवल्या आहेत. एक, ठराव वहीच्या शेवटच्या पानांवर अशा जोड्या लिहायच्या. एका बैठकीत दोनच, आणि प्रत्येकीने आपल्या घरातलं एक वाक्य करायचं. दुसरी, ऑर्डरचा किंवा पैशाचा मेसेज इंग्रजीत आला, तर अंदाज बांधायचा नाही. सरळ फोन करायचा आणि मराठीत विचारायचं, “दादा, माल पाठवायचा की नाही?” यात कमीपणा नाही. न विचारण्याची किंमत आम्ही मोजली आहे.

वहीतली पहिली जोडी कुणी लिहिली असेल? खजिनदार ताईंनीच. ‘कॉल ऑफ, रद्द करणे.’ खाली त्यांचं वाक्य होतं, ‘वी विल नॉट कॉल ऑफ अवर मीटिंग.’ आम्ही आमची बैठक रद्द करणार नाही. त्या दिवसापासून मेसेज पुन्हा त्याच वाचतात, मोठ्याने, सगळ्यांसमोर. अडलं की थांबतात आणि म्हणतात, “हे मला कळलं नाही, कुणाला येतंय का?”

तुमच्या पुढच्या बैठकीत दोन जोड्या नक्की लिहा.