दादीच्या डबीतला एक आणा

(विद्यार्थी-पालक मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी ट्रंकेच्या तळाशी जुन्या नाण्यांची एखादी डबी असते. तशी माझ्या दादीचीही होती. लहानपणी मी तिच्यातला एक आणा चिंच आणि राख लावून लख्ख घासला आणि मोठ्या ऐटीत तिला दाखवला. पुढे कित्येक वर्षांनी तेच नाणे एका जाणकाराच्या हाती दिले. तो म्हणाला, "नाणे चांगले होते, पण तुम्ही त्याचा चेहराच पुसून टाकलात." त्या चुकीतून मी जे शिकलो, ते आज आपल्यासमोर ठेवतो.

सोळा आण्यांचा रुपया १ एप्रिल १९५७ रोजी शंभर नव्या पैशांचा झाला. त्यापूर्वीचा पाकळ्यांसारख्या कडेचा एक आणा वडीलधाऱ्यांना आठवत असेल. सातव्या एडवर्डच्या काळात तो तांबे आणि निकेल यांच्या मिश्रणातून पाडला जाऊ लागला. अमेरिकेचे पाच सेंटचे नाणे अशाच मिश्रणाचे असते. लोक त्याला 'निकेल' म्हणूनच ओळखतात. दुसऱ्या महायुद्धात निकेल युद्धसामग्रीसाठी हवे झाले. तेव्हा, १९४२ ते १९४५ या काळात, आपला आणा पिवळसर पितळी झाला, तर अमेरिकेने पाच सेंटच्या नाण्यात निकेलऐवजी चांदी आणि मँगनीज घातले. इतिहासाच्या पुस्तकातले युद्ध असे आपल्या डबीतही सापडते.

आता नाण्याची प्रत कशी ठरवायची ते पाहू. नाणे नेहमी कडेने धरावे. दिव्याखाली किंचित तिरके करून भिंगातून पाहावे. राजाचा मुकुट, गाल, केस असे जे भाग उंच असतात, ते आधी झिजतात. ते किती शाबूत आहेत यावर प्रत ठरते. संग्राहक 'गुड', 'फाइन', 'व्हेरी फाइन', 'एक्स्ट्रा फाइन' आणि 'अनसर्क्युलेटेड' असे शब्द वापरतात. यातल्या 'गुड'ला भुलू नका, ते पुष्कळ झिजलेले नाणे असते! अमेरिकेत १९४९ साली विल्यम शेल्डन यांनी एक ते सत्तर गुणांची पद्धत मांडली. आज ती जगभर चालते.

१९१३ ते १९३८ या काळातल्या अमेरिकन निकेलवर एका बाजूला आदिवासी पुरुषाचा चेहरा आणि दुसऱ्या बाजूला गवा आहे. त्यावरचे साल उंचवट्यावर असल्याने लवकर झिजून जाई. काहींनी आम्ल लावून ते पुन्हा उमटवले. साल दिसले, पण नाण्याची किंमत गेली. माझ्या चिंचेचीही तीच कथा! घासलेले, भोक पाडलेले किंवा कडी लावलेले नाणे प्रतीत खालीच जाते.

पण प्रत म्हणजे सर्वस्व नव्हे. नाशिकजवळ जोगळटेंभी येथे १९०६ साली क्षत्रप राजा नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांपैकी बहुतेकांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारला होता. मूळ चेहरा बिघडला, पण राज्य कोणाकडून कोणाकडे गेले, हे त्याच ठशाने जगाला सांगितले. याच नहपानाच्या जावयाने, उषवदाताने, नद्यांवर फुकट नावांची सोय केली. नाशिकच्या लेण्यातील त्याच्या शिलालेखात त्या नद्यांमध्ये 'डाहनुका' हे नाव आहे. म्हणजे आपले डहाणू!

आपल्या तालुक्यातल्या चिंचणीचे ताम्रपटही असेच बोलके आहेत. राष्ट्रकूट काळात, दहाव्या शतकात, संजाणचा कारभार मुहम्मद नावाचा अरब अधिकारी पाहत होता. त्याने दोन नद्यांवर मोफत तरी चालवल्या आणि अन्नछत्र उघडले, असे इ. स. ९२६ च्या ताम्रपटात कोरले आहे. सापडले तेव्हा ते पत्रे तांबे म्हणून भंगारात गेले असते, तर ही गोष्ट आपल्याला कधी कळली असती का?

पालकांना एक कळकळीची विनंती. जुन्या नाण्याला लाखो रुपये देऊ, आधी थोडे शुल्क भरा, असे सांगणाऱ्यांपासून सावध राहा. रिझर्व्ह बँकेने २०२१ साली स्पष्ट केले आहे की अशा व्यवहारांशी तिचा संबंध नाही आणि ती कोणतेही शुल्क मागत नाही. साधे आणे मोठ्या संख्येने पाडले गेले होते. त्यांना लाखांचा भाव येत नाही. मुलांच्या फीचे पैसे अशा भूलथापांत घालवू नका. आणि शेतात नांगरताना जुना ठेवा लागला, तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवा. वितळवू नका.

विद्यार्थी मित्रांनो, आज घरी गेल्यावर दादी-नानीच्या शेजारी बसून डबी उघडा. वहीत प्रत्येक नाण्याचे साल, धातू, प्रत आणि ते घरात कसे आले ते लिहा. प्रत ठरवताना नाणे आपले आहे म्हणून एक गुणही वाढवू नका. आपल्याच वस्तूविषयी खरे बोलणे फार अवघड असते. ते ज्याला जमले, त्याला परीक्षेतही आणि व्यवहारातही लाज वाटण्याची पाळी येणार नाही. सवड मिळाली तर नाशिकजवळच्या अंजनेरी येथील नाणेशास्त्र संशोधन संस्थेचे संग्रहालय जरूर पाहा.

माझा तो घासलेला आणा आजही माझ्याजवळ आहे. वहीत त्याच्यापुढे मी खरे तेच लिहिले आहे : 'घासलेले. दोष माझा.'