सुंदरलाल समितीने पाहिलेला मराठवाडा



17 सप्टेंबर हा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. आपल्या पनवेलपासून मराठवाडा दूर, त्यामुळे ती हकीकत इकडे फारशी कोणी सांगत नाही. 13 सप्टेंबर 1948 रोजी मेजर जनरल चौधरी यांचे सैन्य सोलापूरकडून निजामाच्या राज्यात शिरले. नाव 'पोलीस अ‍ॅक्शन', पण रणगाडे काही पोलिसांचे नव्हते! पाचव्या दिवशी निजाम शरण आला.

त्याआधी रझाकारांनी हिंदू खेड्यांवर जुलूम केले होते, हे आपण कधीही झाकू नये. सूड मात्र निरपराधांवर उगवला गेला. पंडित नेहरूंनी पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आदींना पाहणीस धाडले. त्यांचा अंदाज 27 ते 40 हजार मृत्यूंचा. उस्मानाबाद (आजचे धाराशिव), गुलबर्गा, बीदर, नांदेड या जिल्ह्यांत कहर झाला. लातुरात कत्तल 20 दिवसांहून अधिक चालली. काही गावांत तर जवानांनीच मुसलमान पुरुषांना बाहेर काढून ठार केले. इतरत्र लष्कर नेकीने वागले, हेही समितीने लिहिले आहे. सरकारने अहवाल छापला नाही. कित्येक दशके तो दप्तरातच पडून राहिला.

त्याच अहवालात हिंदू विणकरांची नोंद आहे. मुसलमान विणकरांना वाचवताना त्यांच्यातील काहींनी प्राण गमावले. तुमच्यापैकी ज्यांचे आजोळ लातूर-नांदेडकडचे असेल, त्यांनी सुट्टीत गेल्यावर वडीलधाऱ्यांना विचारून, गेलेल्यांची आणि वाचवणाऱ्यांचीही नावे गावासकट वहीत उतरवून घ्यावीत.