एस्टोनियाची दोन गीते

राष्ट्रचिन्हे म्हटली की ध्वज, राजमुद्रा आणि राष्ट्रगीत ही त्रयी आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते. बाल्टिक समुद्राच्या काठावरील एस्टोनिया या तेरा-चौदा लाख वस्तीच्या देशाला मात्र ही तिन्ही चिन्हे दीर्घकाळ दडवून ठेवावी लागली. १९४० साली सोव्हिएत संघाने तो देश गिळंकृत केला. मध्ये तीन वर्षे जर्मनांचा अंमल झाला, आणि १९४४ पासून पुन्हा सोव्हिएत सत्ता आली.

राजमुद्रेविषयी फार सांगावयास नको. सोनेरी ढालीवर तीन निळे सिंह आहेत. ते तेराव्या शतकात उत्तर भाग जिंकणाऱ्या डॅनिश राजांकडून आलेले. ज्या भूमीत सिंह नाही तिने जेत्याचेच सिंह आपले म्हणून मिरवावेत, ही इतिहासाची गंमतच! निळा, काळा, पांढरा हा ध्वज मात्र अस्सल घरचा. ४ जून १८८४ रोजी तो विद्यार्थ्यांच्या एका मंडळाचा ध्वज म्हणून आशीर्वादित झाला आणि पुढे राष्ट्राचा झाला. सोव्हिएत अमदानीत तो फडकविणे हा गुन्हा होता. पण त्याच अमदानीत, १९६० नंतरच्या दशकात, निळे कॉर्नफ्लॉवर हे राष्ट्रफूल आणि माळभिंगरी हा राष्ट्रपक्षी मानला जाऊ लागला. याच जातीच्या भिंगऱ्या हिवाळ्यात आपल्याकडे तारांवर ओळीने बसलेल्या दिसतात. पाठ निळीकाळी, पोट पांढरे. ध्वजाचे रंग अंगावर घेऊन उडणाऱ्या पाखरावर खटला कोणी भरावा?

परंतु खरी कथा गीतांची आहे. योहान वोल्देमार यान्सेन हे शिक्षक आणि वृत्तपत्राचे संपादक. भूदासत्व नाहीसे झाल्यास पन्नास वर्षे झाली म्हणून १८६९ साली तार्तू येथे त्यांच्या पुढाकाराने पहिला गीतमहोत्सव भरला. त्यात यान्सेन यांचे मातृभूमिगीत गाइले गेले. तेच पुढे राष्ट्रगीत झाले. त्याची चाल फ्रेड्रिक पासियुस यांची, आणि फिनलंडच्या राष्ट्रगीताचीही तीच. या योगायोगाचे मोल पुढे कळले. राष्ट्रगीतावर बंदी आली, तरी समुद्रापलीकडच्या फिनलंडचा रेडिओ रोज कार्यक्रम संपवताना तीच चाल वाजवी. उत्तर एस्टोनियातील घरांतून ती ऐकू येई. शब्द ज्याच्या त्याच्या मनात असत. हवेतून येणाऱ्या स्वरांना सरहद्दीवर कोण अडविणार?

त्याच १८६९ च्या महोत्सवात यान्सेन यांची कन्या, कवयित्री लिडिया कोयडुला, हिच्याही मातृभूमीवरील कविता गाइल्या गेल्या. त्यांपैकी एकीला १९४४ साली गुस्ताव एर्नेसाक्स यांनी नवी चाल दिली. १९४७ च्या महोत्सवात ती गाइली गेली आणि पुढे कार्यक्रमांतून वगळण्यात आली. १९६० च्या महोत्सवात गायकवृंदांनी ती आपण होऊन उचलली. हजारो कंठांना गप्प कसे करावे, हे कोणत्याही नियमात लिहिलेले नव्हते. पित्याचे गीत बंद असता कन्येच्या गीताने त्याची जागा घेतली.

२४ फेब्रुवारी १९८९ रोजी टाल्लिनच्या ‘पिक हेर्मान’ या उंच बुरुजावर तिरंगी ध्वज पुन्हा चढला, आणि २० ऑगस्ट १९९१ रोजी देशाने स्वातंत्र्य पुन्हा जाहीर केले. पित्याचे गीत आपल्या अधिकृत स्थानी परतले. कन्येचे गीत मात्र अनधिकृतच राहिले. महोत्सवात ते सुरू होते तेव्हा लोक आपण होऊन उभे राहतात.