डब्यावरचा मजकूर आणि डब्यातली वस्तू



विषयाचे नाव ऐकून काहींना वाटले असेल की हा रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाचा प्रांत. संघटनेच्या माणसाचे इथे काय काम? माझे शिक्षण म्हणाल तर रात्रशाळा आणि कायद्याची जुनी पुस्तके, एवढेच. परंतु बाळाच्या अंगाला लावायची पावडर कारखान्यात तयार होते आणि ती करणाऱ्या कामगाराच्या घरीही पाळणा हलत असतो. म्हणून हा विषय आमचाही आहे.

दूर कशाला, आपल्या मुलुंडचेच उदाहरण घेऊ. तेथील जॉन्सन अँड जॉन्सनच्या कारखान्यात 2007 साली बेबी पावडरच्या 15 बॅचेस इथिलीन ऑक्साइड वायूने निर्जंतुक करण्यात आल्या. हा वायू जंतू मारतो, हे खरे. इस्पितळातले साहित्यही त्याने निर्जंतुक करतात. पण तो माणसात कर्करोग उत्पन्न करतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1994 सालीच ठरवले आहे. म्हणून त्याचा अंश वस्तूत उरला नाही ना, हे तपासावे लागते. ती तपासणी झाली नाही, असे राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचे म्हणणे पडले आणि मार्च 2013 मध्ये परवाना रद्द करण्याचा आदेश निघाला. ही पद्धत जगात मान्य आहे आणि कोणाला अपाय झाल्याची तक्रार नाही, असे कंपनीचे उत्तर होते.

यात कोणाचे किती खरे, याचा निवाडा करायला मी उभा नाही. मी फक्त सालांकडे बोट दाखवतो. पावडर 2007 ची, आदेश 2013 चा. ज्या बाळाला ती लावली, ते एव्हाना दप्तर घेऊन शाळेत जाऊ लागले होते!

पुढचे प्रकरण 2022 सालचे. पुणे आणि नाशिक येथील नमुन्यांचा सामू, म्हणजे आम्लता-अल्कतेचे माप, ठरलेल्या मर्यादेबाहेर आढळला, म्हणून पुन्हा परवाना रद्द झाला. कंपनी उच्च न्यायालयात गेली. नव्या नमुन्यांची तपासणी झाली, ते योग्य निघाले आणि जानेवारी 2023 मध्ये न्यायालयाने ते आदेश रद्द केले. नमुना 2018 चा आणि कारवाई 2022 ची, हा विलंबही न्यायालयाला रुचला नाही. म्हणजे पहिल्या वेळी बाळाला न्याय उशिरा मिळाला म्हणावे, तर दुसऱ्या वेळी कारखानदाराला! मागाहून नमुने उचलण्यावर सारी भिस्त ठेवली की असेच व्हायचे.

कोणी म्हणेल, डब्यावर घटक छापलेले असतात, ते वाचावेत. जरूर वाचावेत. पण इथिलीन ऑक्साइड हा पावडरीचा घटक नव्हे; ते प्रक्रियेत वापरलेले द्रव्य. त्याचे नाव डब्यावर येतच नाही. खेळण्यांचेही तसेच. 1 जानेवारी 2021 पासून आपल्याकडे खेळण्यांवर भारतीय मानक चिन्ह सक्तीचे झाले आणि शिसे, कॅडमियम यांना मर्यादा आली, ही गोष्ट चांगलीच झाली. परंतु ते चिन्ह माल पास झाल्याचे सांगते. आत काय आहे ते सांगत नाही.

मग सांगायचे कोणी? ज्याला ठाऊक आहे त्याने, म्हणजे कारखानदाराने. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याने 2008 साली असा कायदा केला. घातक रसायनांची यादी सरकारने करायची आणि मुलांच्या वस्तूंत त्यांतले काही असेल तर उत्पादकाने कळवायचे. ती माहिती लोकांना पाहता येते. युरोपात यादीतल्या रसायनाबद्दल ग्राहकाने विचारले, तर विक्रेत्याला 45 दिवसांत उत्तर द्यावे लागते.

ही कल्पना आपल्याला परकी नाही. भोपाळ 1984 साली घडले. त्यानंतर 1987 साली कारखाना कायद्यात कलम 41-ब आले. धोक्याच्या प्रक्रियेची माहिती कामगारांना आणि आसपासच्या वस्तीला देणे मालकावर बंधनकारक झाले. तेच कर्तव्य 2020 च्या संहितेतही घेतले आहे. मी विचारतो, भिंतीच्या आतल्या कामगाराला सांगायचे, भिंतीला लागून राहणाऱ्याला सांगायचे, मग भिंतीबाहेर पडून पाळण्यापर्यंत जाणाऱ्या वस्तूबद्दल मौन का?

व्यापारी गुपित फुटेल, असा आक्षेप येतो. मसाल्याचे प्रमाण कोणी मागत नाही. विषाचे नाव तेवढे मागतो. दुसरा आक्षेप आमच्याच लोकांचा आहे आणि तो मला अधिक बोचतो. फार चौकशा केल्या तर कारखाना बंद पडेल, पोटाचे काय? मित्रहो, उत्पादन थांबवण्याचा आदेश कोणत्याही कारखान्यावर येवो, पहिला घरी बसतो तो कंत्राटी कामगार. माहिती आधी उघड झाली तर चूक वेळेवर सुधारते आणि टाळे लागण्याची पाळी येत नाही. पाळणा आणि चूल यांत भांडण लावण्याचे कारणच उरत नाही.

म्हणून मागणी अशी: मुलांच्या वस्तूंसाठी घातक द्रव्यांची यादी व्हावी, घटक असो वा प्रक्रियेतला अंश, उत्पादकाने तो माल बाजारात येण्याआधी कळवावा, ती नोंद मराठीत सर्वांना पाहता यावी, आणि खरे सांगणाऱ्या कामगाराच्या नोकरीला कायद्याने संरक्षण असावे. ज्या हाताने यंत्र चालते, त्यालाच पहिला वास येतो. त्याचे तोंड बांधून कोणताही नियम चालणार नाही.