मूत्र तपासणीचा अहवाल : वाचन, निदान आणि आरोग्याचे अर्थकारण

(म्हैसूर येथे स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मराठी भाषक विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास आपण सामान्यतः रुग्णालये, खाटा, डॉक्टरांची संख्या आणि अर्थसंकल्पीय तरतूद या अंगांनी करतो. आज त्याच विषयाकडे मूत्र तपासणीच्या अहवालाच्या आधारे पाहू या. मी अर्थशास्त्राचा अभ्यासक आहे. उपचार सुचविणे हे माझे क्षेत्र नव्हे. परंतु स्वस्त चाचणीतून मिळालेल्या माहितीचे मूल्य कशावर ठरते, हा प्रश्न अर्थशास्त्राच्याच कक्षेत येतो.

विलंबाची किंमत

केंद्र सरकारच्या २०१६-१७ च्या अर्थसंकल्पीय भाषणात मूत्रपिंडाच्या विकाराबाबत काही आकडे मांडण्यात आले होते. देशात दरवर्षी सुमारे २.२ लाख नवे रुग्ण विकाराच्या अंतिम टप्प्यात पोहोचतात आणि त्यामुळे डायलिसिसच्या ३.४ कोटी सत्रांची वाढीव मागणी निर्माण होते, असे त्यात म्हटले होते. या दोन आकड्यांचा भागाकार केल्यास एका रुग्णामागे वर्षाला सुमारे १५५ सत्रे, म्हणजे आठवड्याला तीन सत्रे येतात. एका सत्राचा खर्च सुमारे २,००० रुपये धरल्यास वार्षिक बोजा तीन लाख रुपयांच्या वर जातो. याच पार्श्वभूमीवर त्या वर्षी राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला. सार्वजनिक-खासगी भागीदारीतून जिल्हा रुग्णालयांत ही सेवा पुरविणे आणि दारिद्र्यरेषेखालील रुग्णांना ती विनामूल्य देणे, हे त्याचे स्वरूप आहे.

हा कार्यक्रम आवश्यकच आहे. तथापि तो विकाराच्या शेवटच्या टोकाशी उभा आहे. मूत्रपिंडाचा जुनाट विकार अनेक वर्षे वेदनेविना वाढत राहतो. मधुमेही व्यक्तीच्या बाबतीत रक्तातील क्रिएटिनिन वाढण्यापूर्वीच बहुधा मूत्रात अल्ब्युमिन हे प्रथिन उतरू लागते. मूत्रातील प्रथिन आणि मूत्रपिंडाचा विकार यांचा संबंध लंडनच्या गाय्ज रुग्णालयातील रिचर्ड ब्राइट यांनी १८२७ मध्ये मांडला. चमच्यात मूत्र तापवून ते गढूळ होते काय, एवढीच ती चाचणी होती. आज तेच काम रसायन लावलेली कागदी पट्टी एक-दोन मिनिटांत करते.

अहवालाचे वाचन

अहवालाचे तीन भाग असतात : रंग, गढूळपणा व विशिष्ट गुरुत्व हा भौतिक भाग, पट्टीवरील रासायनिक भाग, आणि सूक्ष्मदर्शकाखालील पेशींचा भाग. यांपैकी एकेका नोंदीवरून निदान होत नाही. अनेक नोंदी एकत्र जुळल्या म्हणजे अर्थ लागतो.

नायट्राइट व पांढऱ्या पेशींची खूण या दोन्ही नोंदी सकारात्मक असतील आणि लघवीला जळजळ होत असेल, तर मूत्रमार्गातील जंतुसंसर्गाची शक्यता बळावते. मात्र सर्वच जंतू नायट्राइट तयार करीत नाहीत. त्यामुळे ही नोंद नकारात्मक आली म्हणून संसर्ग नाही, असे ठरत नाही. कोणता जंतू आहे आणि त्यावर कोणते प्रतिजैविक लागू पडेल, हे कल्चर तपासणीच सांगते. रक्ताची नोंद सकारात्मक आली, पण सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशी दिसल्या नाहीत, तर फुटलेल्या रक्तपेशींतील किंवा इजा झालेल्या स्नायूंतील रंगद्रव्याचा विचार करावा लागतो. तांबड्या पेशींनी बनलेल्या नळीच्या आकाराच्या कास्ट दिसल्यास रक्तस्राव मूत्रपिंडाच्या गाळणीतून होत असल्याची ती महत्त्वाची खूण असते. मूत्रात साखर दिसली, तर रक्तातील साखर साधारणतः १८० मिलिग्रॅमची मर्यादा ओलांडत असावी, असा अर्थ होतो. तथापि मधुमेहावरील काही नवी औषधे मुद्दामच साखर मूत्रावाटे बाहेर टाकतात. तेथे हीच नोंद औषध काम करीत असल्याचे दर्शविते.

प्रथिनांची नोंद सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत फसवी आहे. ताप, जोरदार व्यायाम किंवा फार दाट मूत्र यांमुळे ती तात्पुरती सकारात्मक येऊ शकते. म्हणून अल्ब्युमिन व क्रिएटिनिन यांचे गुणोत्तर, शक्यतो सकाळच्या पहिल्या नमुन्यावर, पाहिले जाते. क्रिएटिनिनच्या दर ग्रॅममागे ३० मिलिग्रॅमपेक्षा कमी अल्ब्युमिन सामान्य, ३० ते ३०० मध्यम वाढ आणि ३०० हून अधिक तीव्र वाढ, असे वर्गीकरण आहे. दोष किमान तीन महिने टिकून असेल, तरच विकारास जुनाट म्हणतात.

एक खूण, दोन शहरे

आता आपण ज्या शहरात जमलो आहोत, त्याच्याकडे वळू. मूत्रपिंड विकाराच्या प्रमाणाचा ‘सीक’ नावाचा बहुकेंद्री अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. साडेपाच हजारांहून अधिक व्यक्तींच्या या अभ्यासात विकाराचे एकूण प्रमाण १७.२ टक्के आढळले. परंतु केंद्रागणिक तफावत मोठी होती. विशाखापट्टणम येथे ते सुमारे ४७ टक्के, तर म्हैसूर येथे सुमारे ४ टक्के होते. या आकड्यांना मर्यादा आहेत. सहभागी व्यक्ती यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या नव्हत्या आणि तपासणी एकाच वेळची होती. तरीही एक तत्त्व समजून घेण्यासाठी ते उपयोगी आहेत.

समजा, एक चाचणी शंभर रुग्णांपैकी ८० जणांना ओळखते आणि शंभर निरोगी व्यक्तींपैकी ९० जणांना निरोगी ठरविते. हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. ४ टक्के प्रमाण असलेल्या हजार लोकांत ४० रुग्ण असतील. त्यांपैकी ३२ सकारात्मक येतील. उरलेल्या ९६० निरोगी व्यक्तींपैकी ९६ जण चुकून सकारात्मक येतील. म्हणजे १२८ सकारात्मक अहवालांपैकी ३२, केवळ २५ टक्के, खरे ठरतील. ४७ टक्के प्रमाण असलेल्या हजार लोकांत मात्र ३७६ खरे आणि ५३ खोटे सकारात्मक येतील. तेथे सुमारे ८८ टक्के अहवाल खरे ठरतील. चाचणी तीच, पट्टीवरचा रंग तोच. अर्थ मात्र निराळा.

म्हणून सर्वांची सरसकट तपासणी करण्यापेक्षा मधुमेह, उच्च रक्तदाब किंवा कुटुंबात मूत्रपिंडाचा विकार असलेल्या व्यक्तींची नियमित तपासणी अधिक फलदायी ठरते. गर्भवती महिलांच्या प्रत्येक तपासणीत मूत्रातील प्रथिने पाहण्यामागेही हेच तर्कशास्त्र आहे.

तपासणीनंतरचा प्रश्न

चेन्नईजवळच्या ग्रामीण भागात डॉ. एम. के. मणी यांच्या पुढाकाराने किडनी हेल्प ट्रस्टने केलेले काम या संदर्भात मार्गदर्शक आहे. स्थानिक पातळीवर प्रशिक्षित केलेल्या कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन साध्या रसायनांच्या साह्याने मूत्रातील प्रथिने व साखर तपासली, रक्तदाब मोजला आणि दोष आढळलेल्यांना स्वस्त, जुन्या औषधांवर नियमित ठेवले. तपासणी आणि उपचार ही तेथे एकाच साखळीची दोन टोके होती.

आज आपल्या देशात मूत्रातील अल्ब्युमिन व साखर यांची तपासणी उपकेंद्र पातळीवरील मोफत निदान सेवांत समाविष्ट आहे. चाचणी यादीत आली, हे पहिले पाऊल झाले. परंतु नमुना मध्यधारेचा आहे काय, तो एक-दोन तासांत तपासला गेला काय, पट्ट्या मुदतीतील व कोरड्या ठेवलेल्या आहेत काय, सकारात्मक व्यक्तीची फेरतपासणी झाली काय आणि तिला रक्तदाबाचे औषध दरमहा मिळते काय, या प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय त्या चाचणीवरील खर्च फलद्रूप होत नाही. किती चाचण्या झाल्या, हा आकडा अहवालात सहज भरता येतो. किती जणांचा पाठपुरावा झाला, हा आकडा शोधावा लागतो.

आपल्यापैकी काही जण उद्या तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या प्रशासनात असतील. आरोग्याचा मासिक अहवाल समोर येईल, तेव्हा केलेल्या चाचण्यांच्या रकान्याशेजारी फेरतपासणी आणि उपचाराचा रकाना आहे काय, हे अवश्य पाहा. नसेल तर तो मागवून घ्या. वर्षाला तीन लाख रुपयांचा खर्च आणि एका कुटुंबाची वाताहत टाळण्याची संधी त्या रकान्यात असते.